ठिगळ नको, रफू हवा: शर्यतीच्या जुन्या आणि नव्या फोटोंचं एक चित्र

"मावशी, ही गाडी पळत नाहीये. कुणीतरी पार्क करून चहाला गेलंय."

माझ्या पहिल्या जोडचित्राला, म्हणजे जुना आणि नवा फोटो जोडून केलेल्या चित्राला, भाच्याने दिलेली ही पावती. चित्र मोनॅकोचं होतं. मागे कॅसिनोची इमारत, रस्त्याच्या एका बाजूला १९२९ च्या पहिल्या शर्यतीतली बुगाटी, दुसऱ्या बाजूला आजची फॉर्म्युला वन गाडी. छपाईपूर्व कामात वीसेक वर्षं काढलेली मी. स्कॅनिंग, मास्किंग, रंगदुरुस्ती हे सगळं हातात बसलेलं. त्यामुळे दोन फोटो एकत्र करणं म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, असंच मला वाटत होतं. गाडीची कड इतकी सफाईने कापली होती की केसाएवढी पांढरी रेघ राहिली नव्हती. तरीही पोरगा बरोबरच बोलत होता. नवी गाडी रस्त्यावर नव्हतीच, ती फोटोवर चिकटवलेली होती.

त्यानंतर तेच चित्र मी चार वेळा नव्याने केलं. काय चुकलं आणि कशाने जमलं, ते खाली लिहिते. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. फोटोशॉप, अफिनिटी किंवा फुकट मिळणारं गिंप. लेयर (एकावर एक ठेवायचे थर), मास्क (थराचा नको तो भाग झाकणारा पडदा) आणि कर्व्ह्ज (उजेड-अंधार कमीजास्त करणारी रेषा) एवढं ज्यात आहे त्यात हे काम होतं.

आधी जुना फोटो

सुरुवात कायम जुन्या फोटोपासून करा. नवा फोटो तुम्ही पुन्हा काढू शकता, जुना काढता येत नाही. त्यामुळे जुळवून घ्यायचं ते नव्यानेच.

चांगल्या दर्जाचे जुने फोटो मिळायला दोन जागा माझ्या आवडीच्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बेन या वृत्तसंस्थेच्या काचेच्या निगेटिव्हांचा मोठा संग्रह आहे. व्हँडरबिल्ट कप आणि इंडियानापोलिस या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या शर्यती त्यात भरपूर आहेत, आणि मोठ्या आकाराच्या फाइल उतरवून घेता येतात. दुसरी जागा म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका हे संकेतस्थळ. तिथे रोल या वृत्तसंस्थेच्या प्लेटा, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, बघत बसलात तर संध्याकाळ कधी झाली ते कळणार नाही. मात्र प्रिंट विकायचा विचार असेल तर प्रत्येक फोटोची हक्काची नोंद स्वतः वाचा. अमेरिकेत प्रकाशित होऊन ९५ वर्षं उलटलेलं छायाचित्र खुलं होतं, युरोपात साधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी. शिवाय फोटो जुना असला तरी त्याचा स्कॅन देणाऱ्या संस्थेच्या व्यापारी वापरासाठीच्या अटी वेगळ्या असू शकतात. शर्यतीच्या तिकिटावरच्या बारीक अक्षरातही आपण काढलेल्या फोटोंच्या विक्रीबद्दल बरंच काही लिहिलेलं असतं. ते वाचायचा कंटाळा करू नका.

स्वतः स्कॅन करणार असाल तर कृष्णधवल प्लेटही १६ बिटमध्येच करा, म्हणजे राखाडीच्या छटा जास्त मिळतात. नंतर कर्व्ह ओढताना ८ बिटच्या फाइलमध्ये आकाशात पायऱ्या दिसायला लागतात. १३ बाय १८ सेंटिमीटरची प्लेट इंचाला १२०० ठिपक्यांनी स्कॅन केली तर साधारण ८५०० बाय ६१०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० च्या हिशोबाने ७२ बाय ५२ सेंटिमीटरचा प्रिंट. भिंतीवर लावायला एवढा पुरतो. ओरखडे, बुरशीचे डाग सगळे पुसू नका. चेहऱ्यावरचे आणि गाडीवरचे काढा, आकाशातले थोडे राहू द्या.

आणि अपघाताचे फोटो घेऊ नका. १९५५ साली फ्रान्समधल्या ल मांच्या शर्यतीत झालेल्या अपघातात ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दिवसाचे फोटो नाट्यमय आहेत, हे खरं. पण माझ्या दिवाणखान्यात मला ते नकोत, तुमच्याही नसावेत असं माझं मत.

कॅमेरा कुठे उभा होता?

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. बाकीची कामं घरी बसून होतात, हे होत नाही.

ठिकाण असं निवडा जिथे जुन्यातलं काहीतरी अजून उभं आहे. इटलीतल्या मोंझाची, बाहेरच्या कडेला उचललेली काँक्रीटची वळणं १९६१ नंतर फॉर्म्युला वनने वापरली नाहीत, पण झाडीत ती अजून आहेत. फ्रान्समध्ये रॅंसजवळच्या ग्यू गावात जुन्या शर्यतीचे पिट (गाड्या दुरुस्तीला थांबायच्या जागा) आणि प्रेक्षागृह आजही साध्या रस्त्याच्या कडेला उभे दिसतात. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सचा १९०७ चा ट्रॅक तुकड्या-तुकड्यांनी उरलाय. इंडियानापोलिसला १९०९ मध्ये सुमारे ३२ लाख विटा अंथरल्या होत्या. आता त्यांतला यार्डभराचा पट्टा तेवढा प्रारंभरेषेवर उघडा आहे. तो पट्टा म्हणजे जोडचित्र करणाऱ्याला मिळालेली आयती शिवण: पट्ट्याच्या अलीकडे आज, पलीकडे सगळ्या विटा.

मी मोनॅको घेतलं, कारण रस्ते बरेचसे तेच आहेत. शर्यत नसते तेव्हा तिथे कुणीही पायी फिरू शकतं. जुन्या फोटोचा प्रिंट प्लास्टिकच्या पाकिटात घालून मी कॅसिनोसमोर जवळजवळ तीन तास पुढे-मागे सरकत होते. लोक बघून हसत होते. हसू द्यावं.

पद्धत अशी. पहिल्यांदा डावं-उजवं. जुन्या फोटोत जवळच्या इमारतीचा कोपरा मागच्या इमारतीच्या कितव्या खिडकीला झाकतो ते बघा. तुम्ही एक पाऊल उजवीकडे सरकलात की कोपरा खिडकीवरून हलतो. फोटोतल्यासारखा बसला की थांबा आणि त्या रेषेतच राहा.

मग अंतर. प्रिंटवर पट्टीने दोन मापं घ्या: जवळच्या दोन खुणांमधलं आणि लांबच्या दोन खुणांमधलं. समजा जवळचं ६० मिलिमीटर आणि लांबचं २० भरलं. म्हणजे प्रमाण तीनास एक. आता तुमच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याच खुणांचं प्रमाण बघा. दोनास एक येत असेल तर तुम्ही फार मागे आहात, पुढे व्हा. चारास एक आलं तर मागे या. लेन्स कुठली आहे याच्याशी या प्रमाणाचा काही संबंध नाही. झूम केल्याने चित्र मोठं होतं, पण जवळच्या-लांबच्या गोष्टींचं आपसातलं नातं बदलत नाही. ते बदलतं फक्त पाय हलवल्याने. मला हे कळायला दोन फेऱ्या लागल्या. पहिल्या वेळी मी आरामात मागे उभं राहून लांबच्या लेन्सने फोटो काढला, आणि घरी येऊन कॅसिनो ताणून-दाबून बसवत राहिले. ते मारून मुटकून बसत नाही.

शेवटी उंची. सपाट रस्त्यावर क्षितिजरेषा कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. जुन्या फोटोत जवळची आणि लांबची, उभी असलेली सगळी माणसं डोळ्यांच्या पातळीला एका आडव्या रेषेत येत असतील तर छायाचित्रकार जमिनीवर उभा होता आणि कॅमेरा डोळ्याला होता. जवळच्या माणसांची डोकी लांबच्यांपेक्षा खाली जात असतील तर तो कशावर तरी चढला होता. माझ्या जुन्या फोटोचा छायाचित्रकार चढला होता. मी घडीची शिडी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

कॅमेरा वर-खाली न झुकवता सरळ धरा आणि नको तो भाग नंतर कापा. जुन्या कॅमेऱ्यांत इमारतींच्या उभ्या कडा सरळ येत, तुमच्या झुकल्या तर सांधा तिथेच उघडा पडतो.

गाडी केवढी हवी

नव्या गाडीचा फोटो वेगळ्या दिवशी, शर्यतीत काढलेला असणार. ती जुन्या चौकटीत केवढी करायची हे डोळ्याच्या अंदाजाने ठरवू नका. डोळा लबाडी करतो, कारण जुनी गाडी आपल्याला मनातून मोठी वाटते. बुगाटीच्या टाइप ३५ च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर होतं. २०२२ ते २०२५ च्या नियमांत फॉर्म्युला वनच्या गाडीला ३.६ मीटरपर्यंत मुभा होती. म्हणजे एकाच अंतरावर, एकाच कोनात त्या नियमांतली नवी गाडी दीडपट लांब दिसली पाहिजे. पहिल्या चित्रात मी दोघी सारख्याच केल्या होत्या. त्यामुळे नवी गाडी खेळण्यातली वाटत होती, आणि बिघाड कुठे आहे ते सापडत नव्हतं.

उंची क्षितिजावरून काढा. कॅमेरा १.६ मीटरवर असेल तर जमिनीपासून क्षितिजापर्यंतचं अंतर, फोटोत कुठेही मोजा, त्या जागी १.६ मीटरच असतं. आजची गाडी चालकाच्या डोक्यावरच्या भागापर्यंत जेमतेम मीटरभर. तेव्हा चाक जिथे टेकतं तिथून क्षितिजापर्यंत १६० पिक्सेल असतील तर गाडी साधारण १०० पिक्सेल. एवढा हिशोब केला की गाडी आपोआप जमिनीवर बसते.

हे जमायला नव्या गाडीचा फोटोही साधारण तशाच कोनातून हवा. उंच प्रेक्षागृहातून काढलेली गाडी रस्त्यावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रात बसणार नाही, कितीही ओढा. तिचं वरचं अंग दिसतं आणि सगळं बिंग फुटतं. तीनशे फोटोंतून मला चालणारे सात निघाले, त्यातला एक घेतला.

सगळी सोंगं आणता येतात, सावलीचं आणता येत नाही

पहिली मोनॅको शर्यत १४ एप्रिलला झाली. पुढे बरीच वर्षं ती मेच्या अखेरीस होत आली. हा दीड महिन्याचा फरक फोटोत दिसतो. एप्रिलच्या मध्याला तिथे सूर्य माथ्यावर असताना मीटरभर उंच वस्तूची सावली साधारण ६८ सेंटिमीटर पडते, मेच्या शेवटी ४२. म्हणून नव्या गाडीची मूळ सावली घेऊच नका. ती मास्कने काढून टाका आणि जुन्या फोटोतल्या सावल्यांवरून नवी रंगवा.

त्याआधी दिशा तपासा. जुन्या फोटोत ऊन डावीकडून आणि नव्या गाडीवर उजवीकडून असेल तर तो फोटो बाद. गाडी आडवी उलटवून दिशा जुळवता येते खरी, पण मग अंगावरचे आकडे आणि अक्षरं उलटी होतात. ढगाळ दिवसाचे फोटो याबाबतीत देवासारखे धावून येतात. मऊ, दिशाहीन उजेडावर हवी ती सावली चढवता येते.

सावली दोन थरांत करा. पहिला थर टायरच्या अगदी खालचा: अरुंद, जवळजवळ काळा, कड तीक्ष्ण. दुसरा पसरलेला, फिकट, लांब जाईल तसा मऊ होत जाणारा. दोन्ही मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालचं चित्र फक्त गडद होतं. सावलीचा गडदपणा जुन्या फोटोतल्या सावलीवर पिपेट (रंग मोजायचं साधन) ठेवून मोजा. जुन्या प्रिंटमध्ये शुद्ध काळं सहसा नसतंच. माझ्या फोटोत सगळ्यात गडद जागा २५५ पैकी २४ होती (शून्य म्हणजे शुद्ध काळं, २५५ म्हणजे पांढरं). तुमची सावली शून्यावर गेली की ती फोटोत पडलेल्या भोकासारखी दिसते.

आणखी एक बारकावा. बुगाटीच्या पोटाखालून उजेड आरपार जातो, रस्ता पलीकडे दिसतो. आजच्या गाडीचा तळ जमिनीला जवळजवळ घासत असतो, खाली नुसता अंधार. जुन्या गाडीची सावली नकलून नव्या गाडीखाली घातली तर ती तरंगते. मी घातली होती.

लाल गाडी काळी का दिसते

नव्या फोटोचा रंग नुसता काढून टाकला तर तो जुना दिसत नाही, रंग काढलेला नवा फोटो दिसतो. कारण त्या काळच्या बऱ्याच प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. निळा मात्र फार दिसे. म्हणून जुन्या फोटोंत आकाश कोरं पांढरं, ओठ काळपट, चेहरे रापलेले. इटलीच्या लाल गाड्या काळ्याठिक्कर, फ्रान्सच्या निळ्या गाड्या पांढुरक्या. १९२९ च्या विजेत्या विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सची बुगाटी हिरवी होती, हे फोटो बघून कुणाला ओळखता यायचं नाही.

तेव्हा चॅनेल मिक्सर उघडा. राखाडी चित्रात लाल, हिरवा, निळा किती धरायचा ते त्यात ठरवता येतं. लाल शून्य, हिरवा ४० टक्के, निळा ६० टक्के, इथून सुरुवात करा. आजची लाल गाडी क्षणात काळी पडेल. घाबरू नका, तेव्हाच्या छायाचित्रकाराने ती अशीच टिपली असती. चित्रात दोन्ही काळ एकाच प्लेटवर उमटल्यासारखे वाटायला लागतात ते या पायरीवर. १९३० च्या दशकातल्या फोटोंना मात्र डोळे मिटून हे लावू नका. तोवर सगळे रंग पकडणाऱ्या प्लेटा आणि फिल्म रुळल्या होत्या. फोटोत करडं आकाश, ढगांचे आकार आणि चेहऱ्यावर नैसर्गिक छटा दिसत असतील तर लालला २०-३० टक्के द्या.

रंगीतच चित्र हवं असेल तर उलट वाट धरता येते, जुन्याला रंग देण्याची. मी ती टाळते. पण धराल तर राष्ट्रीय रंग तरी चुकवू नका: फ्रान्स निळा, इटली लाल, ब्रिटन हिरवा, जर्मनी आधी पांढरा आणि १९३४ पासून चंदेरी. १९२९ च्या मोनॅकोत काराचिओला या जर्मन चालकाची मर्सिडीज पांढरी होती. तिला चंदेरी रंग फासलेली चित्रं मी पाहिली आहेत, आणि ती विकलीही जातात.

धार, म्हणजे फोटोचा ठळकपणा, जुळवायची रीत सोपी आहे. जुना फोटो शंभर टक्क्यांवर बघा. काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारी एखादी स्वच्छ कड शोधा आणि ती किती पिक्सेलांत बदलते ते मोजा. माझी सहा पिक्सेल घेत होती, नव्या गाडीची दोन. मग नव्या गाडीला गॉशियन ब्लर (सगळीकडे सारखा पुसटपणा) थोडा-थोडा वाढवत सहापर्यंत आणलं. जीवावर येतं, कारण महागड्या लेन्सने टिपलेला तपशील आपण आपल्या हाताने पुसत असतो. पुसा.

दाणे, म्हणजे जुन्या फोटोवरचे बारीक ठिपके, सगळ्यात शेवटी. आधी नव्या फोटोतला नॉइज (कॅमेऱ्याने आणलेले ठिपके) काढा. मग जुन्या फोटोतल्या कोऱ्या आकाशाचा तुकडा उचला, त्याची सरासरी राखाडी करा आणि ओव्हरले मोडमध्ये (राखाडीपेक्षा उजळ-गडद तेवढंच उमटतं) नव्या गाडीवर पसरा. सॉफ्टवेअरमधले तयार दाणे सारख्या आकाराचे असतात, जुन्या प्लेटचे नसतात. चकाकणाऱ्या धातूभोवती जुन्या प्लेटवर हलकी प्रभा पसरलेली दिसेल, कारण काचेच्या मागच्या बाजूने प्रकाश परत येत असे. नव्या गाडीवरच्या एक-दोन लखलखत्या जागांना तशी प्रभा द्या. दोनच. पाच दिल्या की रोषणाई होते.

पळणारं चाक

आता भाच्याची तक्रार. माझा नवा फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागात काढलेला होता. ताशी १८० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात पाच सेंटिमीटर सरकते आणि तिचं चाक फक्त आठ अंश फिरतं. म्हणजे टायरवरची अक्षरं वाचता येतात, आणि गाडी उभी आहे असंच वाटतं. शंभराव्या भागात तीच गाडी अर्धा मीटर जाते, चाक ऐंशी अंश फिरतं. जोडचित्रासाठी फोटो काढायला जाल तेव्हा कॅमेरा गाडीबरोबर फिरवत शंभराव्या ते साठाव्या भागात काढा. दहातले नऊ वाया जातील. एक पुरतो.

तसा फोटो नसेल तर चाकाला ब्लर द्यावा लागतो, आणि इथे बहुतेक जण एकच चूक करतात. आधी जुना फोटो बघा. मागची इमारत पुसट आणि गाडी स्पष्ट असेल तर छायाचित्रकाराने कॅमेरा गाडीबरोबर फिरवला होता. अशा फोटोत चाक धुर्‍याभोवती सगळीकडे सारखं पुसट असतं आणि स्पिन ब्लर, म्हणजे गोल फिरणारा पुसटपणा, चालतो. पण इमारत स्पष्ट आणि गाडी पुसट असेल तर कॅमेरा स्थिर होता. मग चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग जवळजवळ स्पष्ट असतो आणि माथा सगळ्यात पुसट. कारण लोळणाऱ्या चाकाचा टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो आणि माथा गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. सायकलचं चाक आठवा. अशा वेळी स्पिन ब्लर न लावता आडवा मोशन ब्लर घ्या आणि मास्कने तो वरून खाली विरळ करत या. माझं चित्र या दुसऱ्या जातीचं होतं. ही एक गोष्ट केली आणि गाडी सुटली.

काही फार जुन्या फोटोंत चाकं अंडाकृती होऊन पुढे झुकलेली दिसतात. ज्याक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराचा पहिल्या महायुद्धाआधीचा फोटो त्यासाठीच प्रसिद्ध आहे: चाक पुढे कललेलं, कडेचे प्रेक्षक मागे कललेले. त्याच्या कॅमेऱ्यात शटरची फट चित्राच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत असे. तेवढ्या वेळात गाडी पुढे गेलेली. तो कॅमेरा फिरवत होता, पण गाडीपेक्षा हळू, म्हणून लोक उलट दिशेला कलले. असा फोटो हाती आला तर नव्या गाडीलाही तोच कल द्या. पट्टीने कोन मोजा आणि स्क्यू करा, म्हणजे तिरकी करा. हा दोष आहे, पण वेगाचं इतकं सुंदर चित्र कुणी ठरवून काढलं नसतं.

शिवण कुठे घालायची

दोन फोटो पन्नास टक्के पारदर्शक करून एकावर एक ठेवले की दोन्ही काळांची भुतं होतात. डावीकडून उजवीकडे हळूहळू विरत जाणारा ग्रेडियंटही तसाच, आळशी माणसाचं ठिगळ. मी सांधा घेते तो दोन्ही काळांत जसंच्या तसं राहिलेल्या गोष्टीवर: भिंतीची कड, पायऱ्या, छपराची रेघ. मास्कची रेषा त्या कडेवरून नेली की नजर तिथे अडखळत नाही. ती पुढे जाते आणि मग तिला कळतं की इकडच्या माणसांच्या डोक्यावर हॅट आहेत आणि तिकडच्यांच्या हातात फोन.

माझ्या चित्रात सांधा कॅसिनोच्या एका खिडकीच्या उभ्या कडेवरून खाली येतो, रस्त्यावर पोचल्यावर वळतो आणि दोन गाड्यांच्या मधून कडेच्या दगडी रेषेबरोबर बाहेर जातो. रस्त्यावरचा तुकडा अवघड गेला, कारण १९२९ च्या रस्त्याचा पोत आजच्या डांबरावर कुठेच मिळत नाही. तिथे मी मऊ ब्रशने, पाच टक्के दाबाने, जवळजवळ दोन तास रंगवत बसले. रफूसारखं, एकेक धागा.

जिथे काहीच उरलेलं नाही तिथे हा मार्ग बंद. मोनॅकोच्या त्या केसपिनसारख्या वळणावर पूर्वी रेल्वेचं स्टेशन होतं. ते गेलं आणि १९७० च्या दशकात तिथे हॉटेल उभं राहिलं. अशा जागी वळणाचा आकार हाच सांधा: रस्त्याची आतली कड जुळवा आणि वर स्टेशन व हॉटेल यांना समोरासमोर भांडू द्या. जागाच नको असेल तर कृती जुळवता येते. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनने गाडीची चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. १९२९ मध्ये काराचिओलाचा पिटमधला थांबा चार मिनिटांच्या वर गेला होता. वाकलेल्या पाठींची एक रांग दोन्ही फोटोंत सापडली तर आणखी काय हवं?

कागदावर

चकचकीत कागद टाळा. त्यावर नवी गाडी नवी दिसते आणि जुनी प्लेट स्वस्त. तीनशे ग्रॅमच्या आसपासचा, आम्लमुक्त, मॅट कॉटन कागद आणि पिगमेंट शाई घ्या. मॅट कागदावर काळं तितकं खोल उतरत नाही. म्हणून कागदाचा प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची फाइल) लावून पडद्यावर सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते, बघा आणि सावल्या थोड्या उघडा. मोठा प्रिंट काढण्याआधी सांध्याचा आणि चाकाचा असा हातभर पट्टा मूळ आकारात छापून घ्या. पडद्यावर न दिसलेल्या तीन चुका मला त्या पट्ट्यावर सापडल्या.

बाहेर छापायला देणार असाल तर आपोआप रंगदुरुस्ती बंद ठेवायला लेखी सांगा. एका लॅबने माझ्या चित्राची उबदार तपकिरी छटा दोष समजून स्वच्छ राखाडी करून दिली, आणि वर "सुधारून दिलंय" असंही सांगितलं.

चौकटीत घालण्याआधी प्रिंट साध्या कागदांच्या मध्ये दाबून एक दिवस ठेवा, नाहीतर शाईतला ओलावा काचेच्या आतून धुक्यासारखा बसतो. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने दोन्ही फोटोंची वर्षं, जुन्याचा संग्रह आणि "जोडचित्र" हा शब्द लिहा. हे मी सुरुवातीला करत नव्हते. मग एका ओळखीच्यांनी चित्र घरी लावलं, आणि त्यांच्याकडे आलेले एक पाहुणे म्हणे पुष्कळ वेळ विचारत राहिले की ही जुनी गाडी आजच्या शर्यतीत शिरली कशी.